तारेची लांबी दुप्पट केली, रोध मात्र दुप्पट होईना

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दाराची बेल वाजायला लागते. दारात कुणीतरी दहावी-बारावीतलं पोर, काखेत जर्नल, हातात मीटरपट्टीवर सेलोटेपनं ताणलेली तार, आणि चेहरा असा की ओहमनं याला एकट्याला गाठून फसवलंय. मी नवी मुंबईत रबाळ्याला एका कंपनीत मीटर-गेजच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे ते बरोबर मोजतात का हे तपासायचं, काम करते, राहते ऐरोलीला. काकूंकडे चांगला मल्टिमीटर, म्हणजे रोध-व्होल्टेज मोजायचं यंत्र, आहे ही बातमी सोसायटीत कधीच फुटलेली आहे. तारेची लांबी वाढवत तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचा, आणि आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत: तक्रार दरवर्षी तीच असते, फक्त पोर बदलतं. म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते.

यंदा आली ती चौथ्या मजल्यावरची. २८ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) नायक्रोम, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची तार, बरोबर एक मीटर. मल्टिमीटर बाबांच्या टूलबॉक्समधला, त्याच्या वायरींना क्रोकोडाइल क्लिपा. एक क्लिप शून्यावर धरायची, दुसरी पुढे सरकवत न्यायची.

"काकू, २० सेमीला २.७ ओहम आले. मग ४० ला ५.४ यायला हवेत ना? ४.७च येतात. तार खराब असेल का?"

जर्नलमध्ये पुढचे आकडेही होते. ६० सेमीला ६.६, ८० ला ८.६, १०० ला १०.६. कुठेही खाडाखोड नाही, हे मला आवडलं. तिनं दर मीटरला किती ओहम तेही काढून ठेवलं होतं: १३.५, ११.८, ११, १०.८, १०.६. म्हणजे तार जितकी लांब घ्यावी तितकी ती जणू चांगली वाहक होत चालली आहे. पुस्तकात लिहिलंय की तारेचा रोध लांबीच्या समप्रमाणात असतो, आणि इथे तर गुणोत्तर घसरतंय.

मी म्हटलं, "तार बाजूला ठेव. दोन्ही क्लिपा एकमेकींना चावू दे."

चावल्या. मीटरवर ०.६.

"तार तर नाहीये!"

तार नाहीये, पण मीटरच्या दोन वायरी आहेत, त्यांच्या पिना आहेत, वायर जिथे क्लिपेत दाबली आहे तो सांधा आहे. सगळ्यांचा मिळून ०.६ ओहम. क्लिप नायक्रोमला जिथे चावते तिथे आणखी थोडा, धरा ०.१. हा ०.७ प्रत्येक आकड्यात गुपचूप बसलेला होता. २० सेमीला २.७ मधला पाव भाग तोच. १०० सेमीला १०.६ मध्ये तो जेमतेम सात टक्के. प्रत्येकातून ०.७ वजा केला की उरतात २.०, ४.०, ५.९, ७.९, ९.९. आता दुप्पट लांबीला दुप्पट रोध येतो. तार पहिल्यापासून शहाण्यासारखीच वागत होती.

हा वजाबाकीचा आकडा आलेख स्वतःच सांगतो, क्लिपा चाववायचीही गरज नाही. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर रोध. पाचही बिंदू एका सरळ रेषेत येतात, पण रेषा शून्यातून न जाता उभ्या अक्षाला ०.७ च्या आसपास कापते. तो छेद म्हणजे तारेखेरीज बाकीच्या सगळ्याचा रोध. रेषेचा चढ मात्र एकट्या तारेचा: इथे मीटरला ९.९ ओहम. चढ घ्या, छेद वेगळा लिहा, काम झालं.

आणि नेमकं इथेच पोरं घोळ करतात. पट्टी ठेवतात, रेषा ओढून-ताणून शून्यातून नेतात, कारण "ती शून्यातूनच जायला हवी". एका वर्षी तर एका मुलाची सरळ काढलेली, ०.५ ला कापणारी रेषा शाळेत लाल पेननं खोडून शून्यातून काढून दिली होती. मी त्याला ती तशीच ठेवायला सांगितली, शेजारी दुसरी काढायला लावली. जबरदस्तीनं शून्यातून नेलेली रेषा जास्त उभी होते आणि तिचा चढ खोटा येतो. शून्य लांबीच्या तारेला शून्य रोध, हे तारेपुरतं खरं. तुम्ही नुसती तार कधी मोजलीच नाही.

याची लाज वाटायचं काही कारण नाही, खुद्द ओहमच्या सूत्रातही हा छेद होता. गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत मास्तर होता. १८२६ साली त्यानं तांब्याच्या आठ तारा घेतल्या, सगळ्यात आखूड २ इंच, सगळ्यात लांब १३० इंच. एकेक तार मंडलात (सर्किटमध्ये) जोडायची आणि चुंबकसूची किती फिरते त्यावरून धारा, म्हणजे तारेतून वाहणारी वीज, ठरवायची. त्याला मिळालं ते असं: धारा बरोबर अ भागिले (ब अधिक क्ष). क्ष म्हणजे तपासायच्या तारेची लांबी. आणि ब? ब म्हणजे मंडलातल्या उरलेल्या सगळ्याचा वाटा. आमच्या पोरीच्या ०.७ चा पणजोबाच म्हणा ना. त्यानं तो लपवला नाही, सूत्रात लिहिला.

छेद समजला की अर्ध्या तक्रारी मिटतात. उरलेल्यांत सगळ्यात जास्त येणारी म्हणजे "आकडा स्थिर राहत नाही". क्लिप तिथेच, तार तीच, आणि मीटर ४.७, ५.३, ४.९ असा नाचतो.

इथे सगळी पोरं एका सुरात उत्तर देतात, "काकू, तापमान!" व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पाठ केलेलं असतं ना: रोध लांबी, जाडी, पदार्थ आणि तापमान यांवर अवलंबून असतो. बरोबर आहे. पण किती, हे कुणी विचारत नाही. नायक्रोमचा रोध एका अंशाला वाढतो साधारण ०.०२ टक्के. तार तब्बल ५० अंशांनी तापली तरी फरक एक टक्का. ४.७ चे ४.७५ होतील, ५.३ होणार नाहीत. शिवाय मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर तारेतून इतकी थोडी धारा सोडतो की ती तापतच नाही. तापमान बिचारं इथे निर्दोष आहे.

गुन्हेगार बहुतेक वेळा क्लिप असते. आम्ही खाडीच्या काठावर राहतो. फ्लेमिंगो बघायला लोक लांबून येतात, आम्हाला रोज येते ती खारी दमट हवा. टूलबॉक्समध्ये दोन पावसाळे काढलेल्या क्लिपेचे दात बघा: कुठे हिरवट कीट, कुठे लालसर गंज. तो थर धारा नीट जाऊ देत नाही. क्लिप जरा हलली की दुसराच दात टेकतो आणि आकडा बदलतो. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून दातांत धरा, चार-पाच वेळा ओढा. तारेवरूनही एकदा हलकेच फिरवा. क्लिपेची स्प्रिंग ढिली असेल तर ती फेकाच, दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी रविवार घालवू नका.

तार शेगडीच्या कॉइलची असेल तर पॉलिश पेपर लागतोच. इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटी कॉइल स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण तीच आणतात, चांगली कल्पना आहे. पण कोरी आणा. शेगडीत तापून काळपट झालेल्या कॉइलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर असतो. त्याच थरामुळे लालबुंद होऊनही नायक्रोम जळून जात नाही, पण तो थर वीजरोधक आहे. तुम्ही क्लिप लावता त्या थरावर, तारेवर नाही. (आणि हे सगळे प्रयोग मीटरवर किंवा पेन्सिल सेलवर करायचे. घरातल्या प्लगशी यातल्या कशाचाही संबंध आणायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.)

कॉइलच्या आणखी दोन खोड्या. एक, ती स्प्रिंगसारखी असते आणि तार उघडी असते. अर्धवट सरळ केली की शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, धारा मधली वाट पकडते आणि तुम्ही मोजलेली लांबी कागदावरच राहते. पूर्ण सरळ करा. दुसरी खोडी याच्या उलट: सरळ करायच्या नादात पोरं एक टोक दाराच्या कडीला बांधून रस्सीखेच खेळतात. ताणली की तार नुसती लांब होत नाही, बारीकही होते. धातू तेवढाच, लांबी पाच टक्क्यांनी वाढली तर क्षेत्रफळ तेवढंच घटतं आणि रोध जवळजवळ दहा टक्क्यांनी चढतो. तार पेन्सिलीवरून हळूहळू घासत सरळ करावी, ओढू नये.

आता ज्यांच्या शाळेत मल्टिमीटर नसतो, सेल, अँमीटर (धारा मोजणारा), व्होल्टमीटर आणि प्लग की (मंडल जोडायची-तोडायची चावी) असा जुना थाट असतो, त्यांची तक्रार जरा वेगळी. त्यांना आखूड तारेला भलताच रोध येतो आणि दुसऱ्यांदा मोजला की आणखी तिसराच.

२० सेमी नायक्रोमचा रोध दोन ओहम. दोन पेन्सिल सेल म्हणजे तीन व्होल्ट, धारा दीड अँपिअरच्या घरात. पेन्सिल सेलला एवढं ओझं झेपत नाही. की लावली की व्होल्टेज बसायला लागतं, आणि अँमीटर वाचून वहीत लिहीपर्यंत ते आणखी खाली आलेलं असतं. पोरं व्होल्टेज एकदाच, सुरुवातीला, की उघडी असताना वाचतात आणि तीन व्होल्ट धरून सगळे भागाकार करतात. मग आखूड तारेचा रोध फुगतो, कारण तिथेच सेल सर्वांत जास्त बसलेला असतो.

गंमत म्हणजे हाच मार ओहमनंही खाल्ला होता. १८२५ साली त्यानं साध्या विद्युत घटावर मोजमापं केली. घटाचा जोर मध्येच बदलायचा, आणि त्या आकड्यांतून त्यानं चक्क लॉगरिदमचं चुकीचं सूत्र काढून छापलं. नंतर पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवलं की घट सोड, तापयुग्म वापर, म्हणजे सांधे कमी-जास्त तापमानाला ठेवले की वीज देणारी दोन धातूंची जोडी. मग बिस्मथ आणि तांब्याचं तापयुग्म आलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोर अगदी कमी, पण हलेना. योग्य सूत्र त्यातून निघालं. आपल्याला बर्फ-पाणी करायची गरज नाही. की दोन-तीन सेकंदच दाबायची, दोघांनी मिळून व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी वाचायचे, की सोडायची, सेलला दम खाऊ द्यायचा. एकट्यानं करत असाल तर मोबाइलनं दोन्ही मीटरांचा एकत्र फोटो काढा. जमल्यास तारेबरोबर पाच-दहा ओहमचा एखादा रोधक एकसर (एकामागोमाग) जोडा, धारा आटोक्यात राहते.

आणि व्होल्टमीटर कुठे लावता ते बघा. सेलच्या टोकांना लावला तर की, अँमीटर, जोडवायरी सगळ्यांचा वाटा मोजमापात येतो आणि आलेख पुन्हा वर कापतो. त्याची टोकं थेट नायक्रोमवर, धारेच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला टेकवा. व्होल्टमीटरमधून धारा नगण्य जाते, म्हणून त्याच्या वायरींचा रोध मध्ये येतच नाही, आणि रेषा आपोआप शून्याकडे येते. आमच्याकडे रबाळ्यात याला फोर-वायर म्हणतात, जुनी माणसं केल्विन पद्धत म्हणतात. लाखाच्या मीटरमध्ये जे चार सॉकेट असतात ते याचसाठी. तुमच्या शाळेच्या टेबलावर ते फुकटात जमतं.

तांब्याच्या तारेवर प्रयोग करणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय सुरुवातच करू नये. २८ गेजच्या तांब्याचा रोध मीटरला ०.१५ ओहम. साध्या मल्टिमीटरचं सगळ्यात लहान पाऊल ०.१ ओहम, आणि वायरींचाच ०.६. म्हणजे तुम्ही तार मोजत नाही, वायरी मोजता आणि तार सोबतीला येते. "काकू, लांबी कितीही घेतली तरी आकडा तोच" ही तक्रार हमखास तांब्याची.

तांब्याचीच दुसरी तक्रार याच्या उलट. मीटर डावीकडे नुसता १ दाखवतो, म्हणजे मंडल उघडं. ही तार वाइंडिंगवाल्याकडून आणलेली असते, मोटर-ट्रान्सफॉर्मरची. ती तांबूस चमकते म्हणून उघडी वाटते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो. टोकं दीड-दोन सेमी खरवडली, गुलाबी तांबं दिसलं की आकडा येतो.

ही वाइंडिंग वायर तापमान दाखवायला मात्र सोन्यासारखी आहे. ३६ गेजची शंभर मीटर म्हणजे वजनाला जेमतेम अर्धा छटाक भरायची, पंचवीस-तीस ग्रॅम. रोध साठेक ओहम, त्यात वायरींचा ०.६ कुठे विचारता. तिची गुंडी करून, टोकं बाहेर ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कढत पाण्याच्या पातेल्यात सोडा. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. खोलीतल्या ३० अंशांवर ६० दाखवणारी गुंडी ८० अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटांत ७१ च्या पुढे जाते. पोरं आकडा चढताना बघत बसतात, त्यांना चहा द्यावा लागतो. हाच प्रयोग नायक्रोमवर केला तर काहीच हलत नाही, आणि ते "काहीच नाही" जर्नलमध्ये लिहिण्यासारखं आहे.

जाडीच्या प्रयोगाचं थोडक्यात. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक, हे आधी डोक्यात बसवा: २२ गेज ०.७११ मिमी, २८ गेज ०.३७६ मिमी. व्यास दुप्पट झाला तर रोध निम्मा नाही, पाव होतो, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. म्हणून रोध विरुद्ध व्यास काढला की वाकडी रेषा येते आणि पोर घाबरतं. आडव्या अक्षावर एक भागिले क्षेत्रफळ घ्या. आणि तो ०.७ इथेही छळतो: २२ गेजच्या नायक्रोमचा मीटरला रोध २.८, मीटर दाखवणार ३.५. दोन तारांचं गुणोत्तर ३.६ ऐवजी तीनच येतं.

व्यास स्वतः मोजणार असाल तर स्क्रूगेज (बारीक जाडी मोजायचं साधन) आधी मोकळा बंद करून शून्य बघा. ०.३७६ ची तार ०.४१ मोजली गेली तर फरक केसाएवढा, पण रोधकता (लांबी-जाडी वगळून पदार्थाचा स्वतःचा आकडा) अठरा-एकोणीस टक्क्यांनी चुकते. घट्ट पिळू नका, रॅचेटचे दोन टिक वाजले की थांबा. स्क्रूगेज नसेल तर पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटवून घाला आणि पट्टीनं रुंदी मोजा. २८ गेजला साडेसात मिमी आली की गेज बरोबर. आमच्या पोरीनं तसंच केलं. मग ९.९ ला क्षेत्रफळानं गुणलं, रोधकता आली १.१ × १०⁻⁶ ओहम-मीटर. नायक्रोमची तेवढीच असते. तिनं तीनदा कॅल्क्युलेटर दाबून बघितला.

बारीकसारीक एवढंच. क्लिपेचा जबडा पाच-सहा मिमी रुंद असतो. लांबी मोजायची ती दोन जबड्यांच्या आतल्या कडांमधली. दहा सेमीच्या तारेला ही चूक पाच टक्क्यांची पडते, म्हणून वीसच्या खाली जाऊच नका. प्रोबच्या टोकांना बोट लागलं म्हणून आकडा बिघडला, असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. कोरड्या हातांमधून अंगाचा रोध लाखाच्या घरात असतो, दहा ओहमच्या तारेला त्यानं काही फरक पडत नाही. मीटर ब्रिजवाल्या (मीटरभर ताणलेल्या तारेवर रोध ताडून बघणाऱ्या) बारावीच्या पोरांनी जॉकी, म्हणजे तारेला टेकवायचं टोक, तारेवरून घासत नेऊ नये, उचलून टेकवावी. घासून घासून कॉलेजच्या तारा मध्यावर बारीक झालेल्या असतात आणि शून्यविचलन बिंदू (जिथे काटा शून्यावर येतो) त्यापायी सरकतो.

एवढं करूनही आकडा नाचतच असेल तर मीटरच्या पाठीवरचे दोन स्क्रू काढा आणि आतली ९ व्होल्टची बॅटरी बदला. मागच्या वर्षी बी विंगमधल्या मुलाचा आणि माझा अख्खा रविवार तिनंच खाल्ला होता. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह सकाळपासून दिसत होतं, आणि आम्ही दोघं क्लिपा घासत बसलो होतो.